शेवटचं पेव

बहिणीच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. शिवगंगानं मुडबीहून लिहिलं होतं, "अण्णा, पेरायला ज्वारी धाड." तिच्या शेतातली माती वाऱ्यापावसानं जाऊन नुसता मुरूम उरला होता, बी वायाच गेलं असतं. पण नाही कसं लिहायचं? चिटगुप्प्याच्या बाजारात ज्वारी मिळेनाशी झाली, तेव्हा शेवटचं पेव उघडलं. जमिनीखालच्या कोठारात आधी कंदील सोडला. तो विझला, आतल्या हवेनं माणूसही गेला असता. पेवाचं तोंड उघडं ठेवून दुपारपर्यंत थांबलो. गडी माणिकप्पा पुटपुटला, "ज्वारी कुजली असंल तर?" दुसऱ्यांदा कंदील जळत राहिला. माणिकप्पा उतरला. "कोरडी हाय!" बायको म्हणाली, "मुरमात पेरायला दाणा देऊ नका." "मग बहिणीचं?" "कामून घाबरायलाव? बोलवा की तिला." उत्तर निजामी टपालात टाकलं: "बी धाडत न्हाई. लेकरं घेऊन ये. हितंच पेरू, हितंच खाऊ."