साहेबांची चामखीळ

“दिवा जरा वर धर. अजून वर. आता हलू नकोस,” साहेब म्हणाले आणि संगणकाच्या पडद्यावर स्वतःच्या नाकाशेजारची चामखीळ पुसायला लागले.

बायको टेबललॅम्प धरून उभी होती. दोघांचेही फोटो मघाशीच काढून झाले होते, त्यामुळे आता दिव्याचा काय उपयोग, हे तिला कळत नव्हतं. पण साहेबांच्या कुठल्याही कामात कुणीतरी काहीतरी धरून उभं राहावं लागे. ऑफिसात त्यासाठी माणसं होती. निवृत्तीनंतर ती होती.

पासपोर्टचे फोटो घरीच करायचे, हा साहेबांचा निर्णय. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला प्रकाशातलं ओ की ठो कळत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी स्वतः भिंतीवर पांढरी चादर ठोकली. तीन खिळे वाकले, भिंतीचा पोपडा निघाला, पण चादर टिकली. आता चामखीळ गेली होती. मग डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. हनुवटीखालची हनुवटी गेली. कानांवरचे केस ओढून ओढून टाळूवर आणले गेले.

“अहो, चामखीळ तरी राहू द्या. लोक तिच्यावरूनच ओळखतात तुम्हाला.”

“तुला यातलं काय कळतंय? याला टच-अप म्हणतात.” साहेब मागे रेलले आणि आपल्याकडेच कौतुकाने बघत राहिले. “तुझा नंतर बघू. तुझ्यात काय करायचंय?”

परदेशातल्या लेकीला सातवा महिना लागला होता. “आई, तू येच,” ती फोनवर म्हणाली होती.

“आणि बाबा?”

लेक जरा थांबली. “त्यांनाही आण.”

ती का थांबली, हे आईला बरोबर कळलं होतं. लेक परदेशी जाण्याआधी दोघं आठवडाभर तिच्याकडे राहिली होती. त्या आठवड्यात साहेबांनी तिच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लावले, भाजी चिरायची पद्धत सुधारली आणि पडदे उलटे लागलेत हे सिद्ध केलं. जावयाला नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसात रोज उशिरापर्यंत काम निघालं होतं.

दुपारी साहेब आडवे झाले. प्रिंटर बराच वेळ कुरकुरला. “कोण आहे?” साहेबांनी झोपेतच विचारलं.

“मीच. माझे फोटो छापतेय.”

“बटणं दाबू नकोस,” साहेब म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले.

पासपोर्ट कार्यालयातल्या बाईंनी तिचा फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मग साहेबांचा फोटो घेतला. इकडेतिकडे बघितलं.

“चिरंजीव कुठे आहेत?”

“कुणाचे?”

“तुमचे. त्यांना स्वतःला यावं लागतं.”

साहेबांचा चेहरा असा काही उजळला की क्षणभर तो खरोखरच फोटोच्या जवळपास गेला. “मीच तो,” ते लाजत म्हणाले.

बाई लाजल्या नाहीत. “हा नाही चालणार. दुसरा साधा फोटो आहे का सोबत? असेल तर आत्ता लावते, दोघांचंही आजच होऊन जाईल. नाहीतर नवी तारीख घ्या. ती लांबची मिळेल.”

लांबची म्हणजे बारसं आटोपल्यावरची. साहेब बायकोकडे वळले. घरात न सापडणारी प्रत्येक वस्तू तिच्या पर्समध्ये असते, हा त्यांचा जुना अनुभव होता.

“अगं, बघ ना.”

तिने पर्स उघडली. रुमाल, चष्म्याचं घर, डोकेदुखीच्या गोळ्या, एक पाकीट. ती आत बघत राहिली. तिला लेकीच्या स्वयंपाकघरातले डबे दिसत असावेत, उंचीनुसार लावलेले.

तिने चेन लावली.

“नाही हो,” ती म्हणाली. “तुमचं सगळं तुमच्याचकडे असतं.”

“जमेल तुला एकटीला?” बाहेर पायऱ्या उतरताना साहेबांनी विचारलं. पण उत्तराला ते थांबले नाहीत. “चिरंजीव म्हणाली! ऐकलंस ना?” पुढे महिनाभर ही हकीकत त्यांनी शेजाऱ्यांना, डॉक्टरांना आणि लिफ्टमध्ये सापडलेल्या प्रत्येकाला सांगितली. स्टुडिओवाल्याला तर मुद्दाम जाऊन सांगितली.

विमानतळावरच्या रांगेत ती एकटी उभी होती. स्वतःचा पासपोर्ट स्वतःच्या हातात धरायची तिची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या कुणाचं काही धरायचं नव्हतं, त्यामुळे हात कसे हलके हलके वाटत होते.

खिडकीपाशी पर्समधून तिकीट काढताना पाकीटही बाहेर आलं, आणि त्यातले फोटो काउंटरवर पसरले. अधिकाऱ्याने आधी तिचा पासपोर्ट बघितला. “हुबेहूब,” तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. मग त्याने पसरलेल्या फोटोंतला एक उचलला. लख्ख टक्कल, डोळ्यांखाली पिशव्या, आणि नाकाशेजारी ठसठशीत चामखीळ.

“हे कोण?”

“आमचे हे.”

“मग ते नाही आले?”

तिने एकेक फोटो गोळा केला, नीट पाकिटात घातला आणि पर्सची चेन लावली.

“यायचं होतं हो त्यांना,” ती म्हणाली. “पण फोटो चांगला आला नाही.”