सहा जणांचा हिवाळा

"कुणी मरता कामा नये," हर्षित म्हणाला. "एक हिवाळा काढून दाखव, उद्यापासून खुशाल जा कामाला."

त्याने बायकोला कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि माउस तिच्या हातात दिला. कोपरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्पिताला रिसेप्शनची नोकरी मिळत होती. आज पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिला जायचं होतं. लग्नाच्या चार वर्षांत तिने दुसरं काही मागितलेलं नव्हतं. पण बाळकुमला सासऱ्यांच्या जमिनीवर टॉवर उभा राहिलेला, घरात कशाची ददात नाही, मग सुनेला नोकरी कशाला? त्यातून हर्षितचं म्हणणं, हिला साधं कुठली भाजी आणायची ते ठरवता येत नाही, ही पेशंटची गर्दी काय सांभाळणार!

गेम म्हणजे एक वस्ती होती. बर्फाळ रानात सहा माणसं, त्यांना शेत लावून द्यायचं, निवारा बांधून द्यायचा, थंडीतून जगवायचं. नावं हर्षितने घरचीच ठेवलेली. परशुराम आणि मंजुळा म्हणजे त्याचे आईवडील, प्रीतम धाकटा भाऊ, रसिका बहीण, आणि ही दोघं. नवख्या माणसाने या गेमच्या वाटेला जाऊ नये, असं तो स्वतःच मित्रांना सांगायचा. त्याची वस्ती अकरा वेळा उपाशी मेलेली, पहिला हिवाळा काढायला तीन महिने लागलेले. बायकोला त्याने रविवारची एक दुपार दिली. वा रे न्याय!

"हे दाबू?"

"विचारू नको. दाब."

"चुकलं तर?"

"चुकलं तर मरतील. तेच तर बघायचंय."

सोफ्यावर लोळत पडलेला प्रीतम हसला. "वहिनी, आधी शेत बघ ना यार." हर्षितने त्याला गप्प केलं. मदत करायची नाही असं ठरलेलं.

दाबू का, दाबू का करत कल्पिता बिचकत बिचकत शिकली. सासूबाई मे महिन्यात डबे भरून सुकट ठेवायच्या, ते आठवून तिने थंडीच्या आधीच मासळी सुकवून कोठारात टाकली. शेत दुप्पट लावलं. रसिकाला ताप आला तेव्हा तिला खाटेवर निजवून तिची कामं दुसऱ्यांना वाटून दिली. बर्फ पडायला लागला तरी सहाच्या सहा जण धडधाकट होते. प्रीतम उठून बसला. हर्षित नखं खायला लागला. कल्पिताला असा काही आनंद झाला, की सोमवारी कुठला ड्रेस घालायचा तेही तिने मनात ठरवून टाकलं.

अर्ध्या थंडीत कोठार रिकामं व्हायला लागलं. गेमने एक यादी पुढे केली. अन्न कमी पडलं तर आधी कोण जेवणार? सहा नावांपुढे सहा आकडे भरायचे होते.

इथे ती अडलीच नाही. पहिले परशुराम, मग हर्षित, मग प्रीतम, मग सासूबाई, मग रसिका. सहावी स्वतः. दुपारभरात एवढी एकच गोष्ट तिने कुणाला न विचारता केली. घरात रोज जेवायला बसतात ते असेच, त्यात विचारायचं काय?

हर्षितने यादी पाहिली. प्रीतमनेही पाहिली आणि तो काहीतरी बोलणार, तर हर्षितने त्याच्यावर डोळे वटारले. मग तिच्या खांद्यावरून हात लांब करून त्याने फक्त गेमचा वेग वाढवला.

थंडीचे चार दिवस उरलेले असताना वस्तीतल्या स्वयंपाकघराच्या दारात एक बाई आडवी झाली. वर लाल पट्टी आली. कल्पिता मेली, भुकेने. खाली बाकीच्यांच्या तक्रारी उमटल्या. परशुराम नाराज, जेवण गार होतं. हर्षित नाराज, जेवायला टेबल नव्हतं.

"पण बाकी सगळे आहेत," कल्पिता घाईघाईने म्हणाली. "पाचही जण आहेत. सांभाळलं ना मी?"

"ठरलं काय होतं?"

"कुणी मरता कामा नये. पण मेलं कोण, मीच ना..."

"म्हणजे? तू कुणी नाहीस का?"

हर्षितने टाळीसाठी प्रीतमपुढे हात केला. प्रीतमने जरा वेळ घेतला, मग दिली.

मेला हर्षित खरं बोलत होता, हेच कल्पिताला जास्त लागलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. तिचा फोन हर्षितनेच उचलला आणि लॅबचा नंबर लावला. "हां, मी तिचा मिस्टर बोलतोय. नाही, तिला नाही जमणार. नाही नाही, तिचं तिनेच ठरवलंय."

आतल्या खोलीतून मंजुळाबाई डोळे चोळत बाहेर आल्या. "काय रं, कोन मेलं?"

"कल्पिता."

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "आगो बाय! मंग जेवान कोन करतं?"

तेवढ्यात वस्तीच्या वेशीपाशी एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. रांधता येतं, आसरा हवा. घ्यायची का? हर्षितने एक क्षणही न दवडता हो दाबलं. बाई आत आली, दारात पडलेल्या कल्पिताच्या अंगावरून पाऊल टाकून थेट चुलीकडे गेली.