इनागाकीचं नाक

"वास पुन्हा आलाय," म्हणत हाचिसुकासाहेब लाल गाडीतून जवळजवळ उडी मारूनच उतरले. "घ्या, हुंगा."

इनागाकीने हातमोजे काढले, कमरेत वाकला आणि मानेपर्यंत गाडीत शिरला. बराच वेळ तसाच राहिला. बाहेर आला तेव्हा तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालं होतं.

"भयंकर आहे, साहेब."

"मागच्या खेपेपेक्षा वाईट ना?"

"कितीतरी वाईट."

"केस जाळावेत आणि वर कुजकं अंडं फोडावं, तसा. ओगिनोबाई, तुम्हीही या."

ओगिनोबाई इनागाकीच्या हाताखाली काम करून पिकलेली बाई. तिने मालकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि लांबूनच नाकाला रुमाल लावला. "मला इथूनच कळलं. आता जेवण कसलं जातंय."

कोबे बंदरामागच्या त्या गाळ्यात फक्त महागड्या, शर्यतीच्या धाटणीच्या गाड्या येत. आतून-बाहेरून घासून, पॉलिश करून इनागाकी त्या अशा परत देई, की मालकाला आत बसायचा संकोच वाटावा. हातापेक्षा नाव होतं त्याच्या नाकाचं. सीट हुंगून तो सांगायचा, साहेबांनी काल कुठली मासळी खाल्ली. शेजारी बायको होती की दुसरी कुणी, तेही त्याला कळायचं. ते तो सांगत नसे, म्हणून धंदा टिकला होता.

"हे बघा," हाचिसुकासाहेब म्हणाले, "रविवारी आमच्या क्लबाची सगळी मंडळी इथे आणतो. सगळ्यांसमोर गाडी हुंगायची. वास गेलेला असला तर सगळ्यांच्या गाड्या तुमच्याकडे. नसला तर मी गावभर सांगेन, इनागाकीचं नाक गेलं."

इनागाकीने हातमोजे पुन्हा चढवले. साठी उलटलेली. या धंद्यात नाक गेल्यावर माणसाकडे उरतं काय?

साहेब बोलता बोलता मध्येच थांबले, गाडीच्या टपाला धरून क्षणभर समोर बघत राहिले. मग म्हणाले, "बघा, इथेही आला," आणि टॅक्सी करून गेले.

इनागाकीने गाडी सोलायला घेतली. सीटा काढल्या, गालिचे उपसले. बाहेरून आरशासारखी गाडी, आणि सीटखाली काय, तर कापून टाकलेली नखं. पायाची. त्यांच्याशेजारी सुक्या माकुळ मासळीचा एक तुकडा, केसांनी लडबडलेला, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा कसलासा चिकट, काळा लगदा. सीटबेल्ट ओढला तर आतली पट्टी कुणाच्या तरी जुन्या ओकारीने कडक झालेली. इनागाकी ते खरवडत बसला. हीच माणसं बुटावर पाण्याचा थेंब पडला तर नोकराला झापतात.

हवेच्या फिल्टरमागे उंदीर सापडला. पापडासारखा वाळलेला, दात विचकून हसणारा.

"हाच तो, मालक," ओगिनोबाई चिमटा नाचवत म्हणाली. "साहेबांना नेऊन दाखवू? डब्यात घालून, वर रिबीन बांधून."

"टाक ती घाण."

"टाकते. पण हाच ना?"

"हाच म्हणायचं," इनागाकी म्हणाला आणि पुन्हा वाफेचा पाइप उचलला.

ओगिनोबाईने हात धुतले आणि उघड्या दाराशी बसून भाताचा गोळा मिटक्या मारत खाल्ला. गल्लीतली मांजर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन निजली. तिला हुसकावताना दुपार गेली.

साहेबांचा फोन रोज. वास आता कोटात मुरलाय. आज लिफ्टमध्ये आला. काल तर सूपच्या वाटीतून आला, वाटी तशीच परत केली. "काय भरलंय माझ्या गाडीत, इनागाकी? मेलेलं काहीतरी आहे. पिच्छा सोडत नाही."

"काढतो, साहेब. खोल बसलाय."

रविवारी मंडळी आली, साहेब तेवढे आले नाहीत. वाट बघून एकाने दार उघडलं आणि डोकं आत घातलं. मग दुसऱ्याने.

"वा! कसला म्हणून वास नाही."

"हाचिसुका तर म्हणत होता, गाडी जाळावी लागेल."

"नाक आहे बुवा म्हाताऱ्याला."

इनागाकी लवून लवून आभार मानत होता. ओगिनोबाई चहा ओतत होती. तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली आणि हाचिसुकासाहेबांची बायको उतरली. पायात घरातल्या सपाता, हातात सुरू असलेला फोन.

"हे इस्पितळात आहेत," ती म्हणाली. "सकाळी जेवताना हातातल्या काड्या गळून पडल्या. मला ओळखेनात. थोड्या वेळाने सावध झाले, आणि आता तिथून निघायच्या तयारीत आहेत. गाडी न्यायला इकडेच येणार म्हणतात. घाटात जायचंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांनी विचारलं, कसला वास येतो का. हे हसले. म्हणाले, येतो की, माझ्या गाडीला येतो, सगळ्यांनाच येतो." तिने फोन चहाच्या ट्रेशेजारी ठेवला. "मीही हो म्हणाले. यांना नाही म्हटलेलं चालत नाही. डॉक्टर म्हणतात, वास खरा असेल तर प्रश्नच नाही. पण एकट्या यांनाच येत असेल, तर डोक्यात काहीतरी वाढतंय, आजच्या आज बघायला हवं. हे ऐकतच नाहीत."

"इनागाकी!" फोनमधून साहेबांचा आवाज आला. "सांगा हो या लोकांना. कोबेतलं सगळ्यात तिखट नाक तुमचं. तुम्ही सांगितलंत की मी बूट घालतो."

मंडळींचे पेले हातातच राहिले. ओगिनोबाई जमिनीकडे बघत होती.

इनागाकी फोनसमोर गुडघ्यांवर बसला आणि कपाळ फरशीला लागेपर्यंत वाकला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमच्या गाडीला पहिल्या दिवसापासून कसलाच वास नव्हता."