स्वस्तातलं सॉफ्टवेअर

नवऱ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी ती तासभर उशिरा आली, तर मॅनेजरसाहेबांनी तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. वर सगळ्यांदेखत ऐकवलं, “पगारपत्रकात माणुसकीचा रकाना नसतो, बाई.”

यंदा पगाराचं सॉफ्टवेअर निवडायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

“हे सगळ्यात स्वस्त,” विक्रेता चाचरत म्हणाला, “पण यात साहेबलोकांना हजेरीतून सूट देता येत नाही. म्हणून कोणी घेत नाही.”

तिने तेच निवडलं. स्वस्त म्हटल्यावर साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

रोज अकराला डुलत डुलत येणारे साहेब पहिल्याच पगाराला तणतणत तिच्या टेबलापुढे उभे राहिले. “माझा पगार अर्धाच कसा आला?”

तिने सावकाश चष्मा पुसला.

“सगळे रकाने धुंडाळले, साहेब. तो तेवढा यातही नाही.”