महागाचं औषध

२००२ साली आंजी गावातल्या माझ्या शेडमधल्या कोंबडीच्या चारशे पिल्लांना मानमोडी रोगाची लस दिली, तेव्हा ती जरा मलूल दिसली. कोणाला न विचारता मी त्यांच्या पाण्यात स्टेरॉइड कालवलं. दुसऱ्याच दिवशी पिल्लं टुणटुणीत झाली आणि मी गावात डॉक्टरसारखा मिरवू लागलो.

महिन्याभरात मानमोडी आली. चार दिवस मी नुसते खड्डे खणत होतो.

"स्टेरॉइडनं लस लागूच दिली नाही," जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

अंगणात मात्र बायकोच्या सात कोंबड्या ठणठणीत होत्या. लस त्यांनाही तीच दिली होती.

"जयवंता, तू त्याइले काय दिलं वं?" मी बायकोला विचारलं.

 

"काहीच नाई. मी तुमचं औषध मागतलं, त तुमीच म्हणाले, एवढं महागाचं औषध घरच्या कोंबड्याइवर काऊन वाया घालवतं?"