हरकतीची मुदत

फाइलमध्ये अकरा कागद होते. हरवल्याच्या तक्रारीची प्रत, चार भाडेपावत्या, दोन वीजबिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स, आईचा मृत्यूदाखला आणि दोन पत्रं, एक पोलिसांचं, एक चाळ कमिटीचं. हरवलेल्या वडिलांचा, कोंडीराम यांचा, फोटो एकही नव्हता.

वकील रघुवीर यांनी फाइल मिटली. त्यांचं ऑफिस दादरला, एका साडीच्या दुकानाच्या वर होतं.

"वडील कधीपासून बेपत्ता, मॅडम?"

"आठ वर्षं, चार महिने," माया म्हणाली.

"सात पुरतात. सात वर्षं ज्याची खबर नाही, तो कायद्याच्या लेखी गेला. आधी पेपरात जाहीर नोटीस, चौदा दिवस हरकतीची वाट बघायची. मग दावा."

मायाला दाव्याचा नंबर हवा होता. डिलाईल रोडची चाळ पाडून नवी इमारत होणार होती आणि खोली कोंडीराम यांच्या नावावर होती. महिनाअखेरपर्यंत कमिटीला एकतर त्यांची सही द्यायची, नाहीतर त्यांना मृत घोषित करण्याच्या दाव्याचा नंबर. दोन्ही नसेल तर खोली वादग्रस्त ठरणार आणि यादीतून बाहेर जाणार. मायाला दुसरं घर नव्हतं.

"घरी कोण कोण?"

"मी."

"काम?"

"परळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये."

"आणि वडील?"

"गिरणीत सुताची तपासणी करायचे. गिरणी बंद पडल्यावर वजनकाट्यांच्या दुकानात."

"भांडण वगैरे?"

माया म्हणाली, "आईला औषध तेच द्यायचे. एकदा पाचच्या जागी साडेसात मिली दिलं गेलं. आठवड्याने आई गेली. डॉक्टर म्हणाले, त्याने नाही गेली. तसं लिहूनही दिलं. पण तो कागद येईपर्यंत बाबा निघून गेले होते."

रघुवीर यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि नोटिशीचा मसुदा पुढे ओढला.

"तक्रारीत उंची 'मध्यम' लिहिलीय. पोलिसांना सगळेच मध्यम. आकडा सांगा."

"एकशे बासष्ट सेंटिमीटर."

"फुटात?"

"सेंटिमीटरच छापा."

"लॅबवाल्या तुम्ही! बरं, पेपर." त्यांनी टेबलावरचा एक चार पानी पेपर उचलला. "नोटिशीला हा बरा. खप किती, माहितीये? छापणारा आणि मी. कोणी वाचत नाही, कोणी हरकत घेत नाही. सगळे वकील यातच देतात."

मायाने एका मोठ्या पेपरचं नाव घेतलं.

"अहो, तो अख्खी मुंबई वाचते. कोणीतरी रिकामटेकडा उठेल आणि म्हणेल, मी पाहिलं यांना. कशाला विकतची डोकेदुखी?"

"आमच्याकडे तोच यायचा. रविवारी द्या. आणि तुमचा टपालाचा पत्ता पूर्ण द्या, पिनकोडसकट."

"पत्ता कशाला? मोबाइल आहे, ईमेल आहे."

"असू दे, सर."

रघुवीर यांनी खांदे उडवले. अशील पहिल्यांदाच वकिलाकडे आलं की नको तिथे काटेकोर होतं, हा त्यांचा अनुभव होता.

रविवारी नोटीस आली. सातव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. मायाने ती उभ्यानेच वाचली. मजल्यावर वीस खोल्या, त्यांपैकी चौदांना कुलूप. उरलेल्यांतल्या सुंदराबाई पेपर घेऊनच दारात आल्या.

"पेपरात मारलंस गं बापाला?"

"कागदासाठी करावं लागतं, मावशी."

"दुधाचं माप थेंबभर कमी निघालं तर जिना उतरून भांडायचा तो. अशा माणसाचा हिशेब चौदा दिवसांत मिटवतेस होय?" त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "जेवलीस का?"

"जेवते."

तिने एका माणसाचा भात लावला. कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर मजल्यावर दुसरा आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने वकिलांना फोन केला. "काही आलं?"

"नाही."

सातव्या दिवशी पुन्हा. दहाव्या दिवशी पुन्हा.

"मॅडम, काही न येणं हीच आपल्यासाठी चांगली बातमी असते," रघुवीर हसले.

"बरं," माया म्हणाली.

बाराव्या दिवशी त्यांनीच फोन केला. ती लॅबमधून थेट दादरला गेली.

टेबलावर एक पोस्टकार्ड होतं.

"टवाळखोर दिसतोय," रघुवीर म्हणाले. "नाव नाही, सही नाही. फेकून देणार होतो. पण तुम्ही सारखं विचारत होतात."

मायाने कार्ड उजेडाकडे धरलं. चार ओळी होत्या.

'महोदय, आपल्या नोटिशीत उंची १६२ सें.मी. छापली आहे. ती १६७ सें.मी. आहे. कृपया दुरुस्ती छापावी.'

ती खुर्चीत बसली. कार्ड तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"अक्षर त्यांचं आहे?" रघुवीर यांचा आवाज बदलला.

"हो."

"मग संपलं. जिवंत माणूस मेला म्हणून शपथेवर मी लिहू शकत नाही. आज अठ्ठावीस तारीख. सही नाही, दावा नाही. खोली जाईल तुमची, कळतंय का?"

"कळतंय."

"पाच सेंटिमीटरची चूक झाली कशी तुमच्याकडून? एवढ्या काटेकोर तुम्ही."

"चूक नाही झाली, सर."

मायाने कार्ड उलटं केलं. टपालाचा शिक्का शीवचा होता. तिने मोबाइलवर नकाशा उघडला, डिलाईल रोडपासून शीवच्या पोस्टापर्यंतचं अंतर काढलं आणि कार्डावर पेन्सिलीने लिहिलं.

सात किलोमीटर, चारशे मीटर.