वर गेलेला हात

वळ गावच्या गोदामात पोलादी पत्र्याचं अजस्र भेंडोळं क्रेनला लटकून सरकू लागलं, तसा दारातल्या रामनाथांचा जीव टांगणीला लागला. क्रेन त्यांचीच लेक चालवत होती. "पोरीच्या जातीचं काम न्हाय हे," असं घरी बजावून ते थकले होते. आज डबा द्यायच्या निमित्तानं आले खरे, पण पाय एका जागी ठरेनात. मधेच भेंडोळं झुललं. उधळल्या बैलापुढं धरावा तसा त्यांचा हात नकळत वर गेला. क्रेन जागीच थांबली. "काका, हात खाली घ्या!" इशारे देणारा हितेश ओरडला. "कुणाचाही हात वर दिसला, की क्रेन थांबवावीच लागते इथं." रामनाथांनी केबिनकडं पाहिलं. घरात कुणाला न जुमानणारी पोर त्यांच्या एका हातावर थांबली होती. हात तसाच ठेवावा, असं क्षणभर वाटलं. मग सावकाश खाली घेतला. "चालव, बाय."